आजी, आज वार कोणता?

भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढून वर टेकलेल्या सत्तरीच्या एखाद्या आजीला विचारून बघा, हे देऊळ कुणी बांधलं? वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घ्यायला निघालेल्या चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, किल्ला पडला आणि नवस फेडायला हे देऊळ उभं राहिलं, ही गोष्ट ती न अडखळता सांगेल. १७३९ हा आकडा सांगणार नाही, पण त्याने तिचं काही अडत नाही. जत्रा कधी? चैत्रातल्या अवसेला. गरम पाण्याची कुंडं कुठे? खाली, अकलोलीला, तानसेच्या काठाने जा. सगळं तोंडपाठ.

आता याच आजीला विचारा, आज तारीख किती? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करा, जे उरेल त्यातून पुन्हा सात, असं पाचदा करा. या कागदावर मनाने एक वाक्य लिहा. ही दोन पंचकोनांची आकृती बघून काढा. शाळेची पायरी न चढलेली ती बाई तुमच्याकडे बघत राहील, आणि तीसपैकी दहा-बारा गुण बघता बघता जातील. चोविसाच्या खाली गुण आले की डॉक्टरच्या मनात शंका येते. म्हणजे कागदावर आजींना स्मृतिभ्रंश झाला.

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सूझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तयार केली. मिनी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन असं तिचं नाव. पाच-दहा मिनिटांत होते, यंत्र लागत नाही, म्हणून जगभर गेली. इस्पितळात भरती झालेल्या, शिकलेल्या अमेरिकन माणसासाठी ती चांगलीच होती, तिथे मजला विचारण्यात अर्थही होता. वज्रेश्वरीच्या घरात मजला कुठून आणणार?

बुद्धीच्या कामांत बिघाड होतो तो कसा आणि कशामुळे, याचा अभ्यास करणाऱ्यांना पहिली ठेच लागते ती इथे. रक्तातली साखर मोजायचं यंत्र वज्रेश्वरीत आणि बोस्टनमध्ये एकच आकडा दाखवतं. आठवण, लक्ष, हिशेब, शब्द शोधणं, कामाची आखणी या गोष्टी मात्र ज्या प्रश्नांनी मोजायच्या, ते प्रश्नच कुठल्या तरी शाळेत शिकून आलेले असतात. मोजपट्टी चुकली तर पुढचं सगळं संशोधन चुकतं. शहाण्यासुरत्या माणसावर रोगाचा शिक्का बसतो आणि खरा रोगी, शिकलेला असेल तर, पोपटासारखी उत्तरं देऊन सुटतो.

ही मोजपट्टी आपल्याकडच्या माणसाच्या मापाची करण्याचं मोठं काम झालं ते हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत. विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन प्रसिद्ध केली. ती नुसतं भाषांतर करून झालेली नाही, आणि तिच्यातले बदल बघण्यासारखे आहेत. शंभरातून सातच्या जागी विसातून तीन वजा करायचे, तेही जमत नसेल तर आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. यातून तपासायचं असतं लक्ष. मनात एक गोष्ट धरून ठेवून दुसरी करता येते का, एवढंच बघायचं. त्यासाठी गणित यायलाच हवं असं नाही. ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद दाखवण्याऐवजी परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि म्हणतो, मी करतो तसं करा. वाक्य लिहायच्या ऐवजी, तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा. इंग्रजी चाचणीत म्हणायला एक अडखळवणारा वाक्प्रचार आहे, त्याच्या जागी ‘ना हे, ना ते’ या धर्तीचे शब्द आले.

वार उलटे म्हणायची युक्ती मला फार आवडते. रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार... भिवंडीच्या बाजाराला जाणाऱ्या, सोमवार पाळणाऱ्या बाईला वार पक्के माहीत असतात. सुलटे म्हणताना जीभ आपोआप चालते. उलटे म्हणताना मात्र प्रत्येक पावलाला सुलटा क्रम मनात आणून त्याच्या मागचा वार उचलावा लागतो, आणि आपण कुठपर्यंत आलो तेही लक्षात ठेवावं लागतं. बुधवारपाशी येऊन पुन्हा गुरुवारकडे वळलात तर समजायचं, धागा सुटला.

एवढं करूनही गुणांवर निकाल लागत नाही. या क्षेत्रात काम करणारे दुसरा प्रश्न घरातल्या माणसाला विचारतात. दहा वर्षांपूर्वी यांना जे जमत होतं, त्यातलं आता काय जमत नाही? तुलना शेजारणीशी नाही, पुस्तकातल्या सरासरीशी नाही, त्याच माणसाच्या जुन्या रूपाशी. ठाणे जिल्ह्यातल्या घरात याचं उत्तर बहुतेक वेळा सुनेकडे असतं, आणि ते चुलीजवळ सापडतं. तांदळाची भाकरी करायची तर पाण्याला आधण आणायचं, मीठ टाकायचं, पीठ घालून उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, तोवर तवा तापत ठेवायचा, एक भाकरी तव्यावर असताना दुसरी थापायची. आखणी, क्रम, वेळेचा अंदाज, दोन कामांत लक्ष वाटणं, हे सगळं त्यात येतं. परीक्षेच्या खोलीत हेच मोजायला रंगीत आकड्यांचे तक्ते लागतात. ‘आई मीठ दोनदा घालायला लागल्यात’, ‘तवा तापत ठेवून अंगणात जातात आणि तिथेच बसतात’ असं सून म्हणते, तेव्हा तज्ज्ञाने पेन खाली ठेवू नये. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो, त्यातलं बरंचसं याच वाक्यांत असतं.

शाळेसारखाच भाषेचाही बुद्धीवर परिणाम होतो का? मराठीच्या बाबतीत यावर एक गमतीचा अभ्यास पुण्यात झालाय. भिवंडी परिसरात माणूस घरी आगरी किंवा वारली बोलीत, शाळेत मराठीत आणि यंत्रमागावरच्या कामगारांशी हिंदीत बोलतो. एकाहून जास्त भाषांचं हे ओझं बुद्धीला जड होतं की फायद्याचं? रुजुता कामत, मनीषा घाटे आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या, कमी-जास्त हिंदी येणाऱ्या १७४ मराठी भाषकांची तपासणी केली आणि २०१२मध्ये निष्कर्ष छापले. दोन्ही भाषा जितक्या चांगल्या येत, तितकं एका नियमावरून दुसऱ्या नियमावर उडी मारणं आणि जिभेवर आलेलं चुकीचं उत्तर आवरणं अधिक चांगलं जमत होतं. नामं आठवून सांगण्यातही द्विभाषिक पुढे होते. पाश्चात्त्य अभ्यासांवरून अपेक्षा उलटी होती, की दोन भाषांचे शब्द एकमेकांच्या पायात येतील. पण मराठी आणि हिंदीत नामं बरीचशी सारखी, त्यामुळे एक भाषा दुसरीला हात देत असावी. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधून सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली होती, आणि हा फरक निरक्षरांतही टिकून होता. शाळा न शिकलेली पण तीन बोलींत बाजार करणारी बाई कागदी चाचणीत नापास होते आणि तिचा मेंदू मात्र कदाचित अधिक काळ तग धरतो.

आता मोजमाप नीट झालं आणि आजीचं काहीतरी खरंच बिघडलंय असं दिसलं, असं धरू. पुढचा प्रश्न अवघड आहे. मेंदूला बिघडायच्या वाटा थोड्या आहेत: लक्ष टिकत नाही, काम मंदावतं, नवं मनात राहत नाही, शब्द सापडत नाहीत, आखणी कोलमडते. पण त्या वाटेवर ढकलणारी कारणं शेकड्याने. अल्झायमर, अर्धांगाचा छोटा झटका, पार्किन्सन, अपस्मार ही मेंदूची दुखणी झाली. नैराश्य, स्किझोफ्रेनिया ही मनाची. आणि थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, मधुमेह, रक्तक्षय, जंतुसंसर्ग ही बाकीच्या शरीराची. वैद्यकशास्त्राने ही तीन खाती वेगळी केली, मेंदूला ते कुणी सांगितलं नाही. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन एकाच विसराळूपणाकडे बघून तीन वेगळी नावं सांगू शकतात, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

सगळ्यांत आधी बघायचं ते एकच: हे कधी सुरू झालं? परवापर्यंत ठीक असलेली म्हातारी दोन दिवसांत बरळू लागली, संध्याकाळी जास्त, सकाळी जरा बरी, मधूनच गुंगीत, मधूनच घाबरलेली, नसलेली माणसं दिसतायत, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे, तो वात आहे. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, कुठलंही कारण पुरतं. लागिर झालं म्हणून देवीपुढे आणणाऱ्या घरच्यांवर मी हसणार नाही, कारण अचानक बदललेलं माणूस बघून कुणीही घाबरतं. पण अंगारा लावून झाला की त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. डिलिरियम ही जिवावरची गोष्ट आहे, आणि कारण वेळेत सापडलं तर माणूस बहुधा पुन्हा ताळ्यावर येतं.

हळूहळू, महिन्यांनी वाढत गेलेल्या विसराळूपणातही काही चोर लपलेले असतात. पडल्यावर कवटीखाली सावकाश साचलेलं रक्त, थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी, घरातलं माणूस गेल्यावर आलेलं नैराश्य. नैराश्यातला माणूस ‘मला काही आठवत नाही’ असं स्वतः सांगतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुतेकदा तसं म्हणत नाही, तक्रार घेऊन येतात ती घरची माणसं. नियम म्हणून हे शंभर टक्के खरं नाही, पण ओपीडीत कामाला येतं.

या चोरांतल्या एकाचा पुण्यात जेवढा पाठलाग झाला तेवढा जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. तो म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी वर, ८१ टक्के. २००६ साली हे छापून आलं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. मज्जातंतूंवरचं आवरण शाबूत राहायला ते लागतं. संपलं की हातापायांना मुंग्या, तोल जाणं, आणि काहींत विसरणं, चिडणं, भ्रम. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी गोळ्या घेणाऱ्यांत ते आणखी उतरतं.

याज्ञिकांचा गट त्याच्याही मागे गेला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर, गरोदरपणी ज्यांच्या आईचं बी-१२ अगदी कमी होतं आणि ज्यांच्या आईचं भरपूर होतं, अशा मुलांच्या चाचण्या घेतल्या. पहिल्या गटातली मुलं लक्ष टिकवण्याच्या चाचणीत संथ पडली आणि आकडे उलट्या क्रमाने म्हणण्यातही मागे राहिली. पुन्हा तेच उलटं म्हणणं! फरक मोठा नव्हता, शिक्षकाच्या डोळ्यांना दिसलाही नसता. पण नऊ वर्षांमागचं आईचं ताट मुलाच्या लक्षात उमटतं, हे कळायला तेवढा फरक पुरेसा आहे.

वज्रेश्वरीच्या पंचक्रोशीत सुकट आणि बोंबील ताटात असतात, म्हणून इथे हा चोर पुण्याच्या सदाशिव पेठेपेक्षा कमी भेटावा, असा माझा अंदाज. तरीही विसरतो म्हटलं की ‘ताकदीचं इंजेक्शन’ टोचून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. कमतरता असेल तर त्या सुईइतकी स्वस्त आणि गुणकारी गोष्ट नाही. नसेल तर ते पाणी टोचल्यासारखंच.

पुण्यातच राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणखी एक धागा हाताला लागला. एचआयव्हीचा विषाणू मेंदूतही शिरतो. आजार पुढे गेलेल्या रुग्णांत लक्ष, वेग आणि आखणी यांत घसरण दिसते, आणि विषाणूरोधक औषधं सुरू केल्यावर त्यात सुधारणा होते, हे मराठी रुग्णांच्या चाचण्यांतून दिसलं. या कामात कसोटी पाहणारी गोष्ट पुन्हा मोजपट्टीचीच. पुण्यातल्या निरोगी, तेवढंच शिकलेल्या मराठी माणसाला या चाचण्यांत किती गुण पडतात, हे आधी माहीत नसेल तर रुग्णाचे गुण कमी आहेत हे ठरवणार कशावरून?

आणि मनाचे आजार? स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्याला कानात येणारे आवाज आणि संशय आठवतात. ‘देवराई’ या २००४च्या मराठी चित्रपटाने तो आजार घराघरांत नेला. पण मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला अकाली बुद्धिभ्रंश अशा अर्थाचंच नाव दिलं होतं, हे मधली पन्नास-साठ वर्षं जग जवळजवळ विसरलं. १९५२ साली क्लोरप्रोमॅझिन हे औषध आलं आणि आवाज शांत होऊ लागले. ठाण्यात १९०१ सालापासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयासारख्या जागांमधून माणसं घरी जाऊ लागली, ती याच पिढीतल्या औषधांमुळे. घरी आलेला मुलगा मात्र दुकानात तीन वस्तू आणायला जातो आणि एक घेऊन येतो. सांगितलेलं काम अर्ध्यात सोडतो. घरच्यांना वाटतं आळशी झाला. तो आळस नसतो. लक्ष, कामापुरती आठवण आणि वेग हेच आजाराने पोखरलेले असतात, आणि माणूस पुन्हा नोकरीला लागेल की नाही हे आवाजांपेक्षा यावर जास्त ठरतं. यावर औषध नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून मोठी आशा होती, त्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या चाचण्या फसल्याचं जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालं. सध्या उपयोग होतो तो सरावाचा: लक्षाचे व्यायाम, कामाचे छोटे तुकडे, लिहून ठेवण्याच्या सवयी. कंटाळवाणं, सावकाश, पण होतं.

हे सगळं किती जणांना होतं? मुंबईत चार्ल्स पिंटो, सी. जे. वाझ आणि सहकाऱ्यांनी चाळिशीवरच्या २४,४८८ माणसांची पाहणी केली. २००१ साली आलेला निष्कर्ष असा, की ६५च्या वरच्यांत २.४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पाश्चात्त्य आकड्यांच्या मानाने हे फारच कमी. याचं श्रेय जेवणातल्या हळदीला देणारे लेख तेव्हापासून निघतायत. मग २०२३मध्ये देशव्यापी पाहणीचा अंदाज आला. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या वृद्धांच्या दीर्घकालीन अभ्यासाचा तो पुढचा भाग, आणि त्यात वापरली ती बल्लभगढची चाचणी व घरच्यांची साक्ष. आकडा आला साठीवरच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त.

वीस-बावीस वर्षांत आजार तिप्पट झाला असं म्हणायची घाई नको. वयोगट वेगळा, पाहणीची रीत वेगळी, निदानाच्या व्याख्या वेगळ्या. मला अधिक विचार करण्यासारखं वाटतं ते असं, की आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाकडून फारशी अपेक्षाच नसते. वीजबिल मुलगा भरतो, औषधं सून देते, देवळात नातू नेतो. कामं काढून घेतलेल्या माणसाची कामं बिघडलेली दिसणार कशी? विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून २००१ साली हेच दाखवलं. वर्णन केल्यावर लोकांना स्मृतिभ्रंशाची माणसं लगेच ओळखू येत. पण तो आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. वयच झालं, किंवा मुलांनी नीट सांभाळलं नाही म्हणून असं झालं, अशी समजूत होती. दुसरी समजूत जास्त क्रूर. रात्रंदिवस सासूचं करणाऱ्या बाईच्याच माथी गाव दोष मारतो, मग ती कुणाला सांगणार?

त्याच गोव्यात अमित डायस आणि ‘संगथ’ संस्थेने ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला, तो २००८मध्ये छापला गेला. तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या. आजार काय आहे ते सांगायचं, रात्री उठून फिरणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते दाखवायचं, सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करायची, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ गाठून द्यायचा. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झाला होता. आशाताई जिथे पोचतात तिथे हे करता येण्यासारखं आहे.

भिवंडी तालुक्यात एक जोखीम मात्र स्वतःची आहे, आणि तिच्याकडे कुणी मेंदूच्या अंगाने बघत नाही. ती म्हणजे यंत्रमागांचा आवाज. एका छपराखाली ओळीने धडधडणारे माग, बारा-बारा तासांची पाळी, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलेला कान जातो, हे व्यवसायजन्य आजारांतलं जुनं ज्ञान आहे. २०२४मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि ती सगळी हटवली तर ४५ टक्क्यांच्या आसपास आजार टळेल किंवा लांबेल असा हिशेब केला. त्या यादीत कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्याबरोबर बहिरेपणाही आहे, आणि वरच्या क्रमांकावर आहे. ऐकू न येणारा मेंदू आवाज ओळखण्यातच दमतो, माणूस गप्पांतून बाजूला पडतो, एकटा होतो. नेमकी साखळी अजून उलगडायची आहे. अमेरिकेत ९७७ वृद्धांना घेऊन श्रवणयंत्राची तीन वर्षांची चाचणी झाली. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून जोखीम जास्त होती, त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

मागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाची आठवण तपासायची असेल, तर प्रश्न विचारण्याआधी त्याला ऐकू येतंय का, ते बघायला हवं. तीन शब्द नीट ऐकूच आले नाहीत, तर पाच मिनिटांनी तो कुठले आठवून सांगणार?